शब्बाथशाळा घ्यायला सांगितलीय, हो म्हणायची हिंमत होत नाही. सल्ला हवाय

नेवाशाची_लेक
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, लहान, चाळीसेक घरांची. शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, घेणाऱ्या बाई जूनमध्ये मुलाकडे राहायला गेल्या, तेव्हापासून वर्ग बंद आहे. परवा उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला थांबवलं नि म्हणाले, "आता हे तू घे." मुलं २२, पाच वर्षांपासून चौदापर्यंतची. शिवाय महिन्यातून एकदा महिला मंडळात वचन सांगायचं.

मी शिवणकाम करते. शिक्षण दहावी, बोलणं गावरान. मंडळीत दोन शिक्षिका आहेत, एक नर्स आहे, त्यांना सोडून मला का विचारलं कळत नाही. काही वर्षांपूर्वी नाताळात शास्त्रपाठ वाचायला उभी राहिले होते. बायबलातल्या लूकच्या दुसऱ्या अध्यायातल्या "क्विरीनिय" या नावावर अडखळले आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. त्यानंतर पुढे गेलेच नाही.

प्रार्थनेला बसले की मन हो म्हणतं, उठले की नाही. रविवारी उत्तर द्यायचंय. हो म्हणू का? आणि म्हटलं तर सुरुवात कशी करू?

निवृत्त_मास्तर
बेटा, बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा तिसरा आणि चौथा अध्याय आज रात्री सलग वाच. इस्राएली लोकांना मिसरातून सोडवायला देव मोशेला पाठवतो, पण जळत्या झुडपापुढे मोशे पाच वेळा मागे सरतो. मी कोण? तुझं नाव काय सांगू? ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. माझी जीभ जड आहे. आणि शेवटी, दुसऱ्या कुणाला तरी पाठव.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट बघ. देव त्याला "तू राजवाड्यात वाढलास, तुला सगळं येतं" असं काहीच म्हणत नाही. तो म्हणतो, मी तुझ्याबरोबर असेन. मोशेनं विचारलं स्वतःबद्दल आणि देव बोलला स्वतःबद्दल! मी कित्येक वर्षं या उताऱ्यावर बोललो, तरी हे माझ्या ध्यानात आलं ते बायकोच्या आजारपणात, जेव्हा मला स्वतःचा काहीच भरवसा उरला नव्हता.

पाचव्या नकारावर देव रागावतो. पण त्या रागातच सांगतो, तुझा भाऊ अहरोन तुला भेटायला निघालाय. इकडे मोशे सबबी सांगत होता तेव्हा तिकडे सोबती वाटेला लागलेला होता. त्या दोन शिक्षिकांशी स्वतःची तुलना कशाला करतेस? त्यातल्या एकीला जाऊन सोबत माग.

ठाण्याची_रूथ
मास्तरांचं पटलं, तरी मला थोडं वेगळं सांगायचंय. प्रत्येक "हे तू घे" म्हणजे देवाचं पाचारण असतंच असं नाही, कधी मंडळीला नुसती रिकामी जागा भरायची असते. मी तरुण संघ, गायनमंडळ आणि रविवारचा वर्ग, तिन्ही एकदम घेतले होते. नाही म्हटलं तर विश्वास कमी पडला असं वाटायचं. दीड वर्षात झोप उडाली, घरात चिडचिड, प्रार्थनासुद्धा ओझं वाटू लागली. शेवटी डॉक्टरांकडे जावं लागलं, आणि गेले ते बरं झालं. निर्गमच्याच अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला हेच सांगतो की एकट्याला हे झेपायचं नाही, माणसं नेम आणि काम वाटून दे.

म्हणून ताई, दोन्ही कामं एकदम घेऊ नकोस. मुलांचा वर्ग नाताळापर्यंत घे, महिला मंडळाचं नंतर बघू म्हण. आणि स्वतःला विचार, अडचण कसली आहे? शिलाईच्या कामातून वेळ निघत नसेल किंवा घरच्यांची साथ नसेल तर ती खरी अडचण, पाळकांना मोकळेपणानं सांग. पण त्या एका हसण्याची भीती असेल तर तेवढ्यावरून नाही म्हणू नकोस.

वसईचा_नातू
आम्ही कॅथलिक, पण हे वाचून आमचे संत गोन्सालो गार्सिया आठवले. जन्म वसईचा. जपानमध्ये जेझुइट धर्मसंघाबरोबर काम केलं, पण त्या संघात त्यांना घेतलं नाही. मग व्यापार केला, आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात गेले तेही साधे ब्रदर म्हणून, धर्मगुरू म्हणून नाही. जपानी उत्तम येत होती, म्हणून पुन्हा जपानला गेले ते धर्मगुरूंचे दुभाषी होऊन. दुसऱ्याचं बोलणं लोकांपर्यंत पोचवायचं, ही त्यांची सेवा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ जणांना क्रुसावर दिलं, त्यांत ते होते. नकार मिळाल्यावर "आपण त्या लायकीचे नाही" म्हणून ते बसून राहिले असते, तर आज त्यांचं नाव कुणी घेतलं असतं का?

केडगावकरीण
गावरान बोलण्याबद्दल मला राहवत नाही म्हणून लिहिते. पंडिता रमाबाई एवढ्या संस्कृत जाणणाऱ्या! त्यांनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं ते मुद्दाम सोप्या भाषेत, साध्या बायकांना कळावं म्हणून. त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायलाही बायकाच होत्या. आणि तू तर नगरकडची, लक्ष्मीबाई टिळक तुझ्या घरच्याच. कधी शाळेत गेल्या नाहीत, लिहायला-वाचायला नवऱ्याकडून शिकल्या. १९१९ मध्ये त्यांचे पती रेव्हरंड टिळक वारले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्राचं काव्य 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्यांच्या मराठीची गोडी आहे तीच मुळी घरात बोलल्यासारखी. तुझी बोली मुलांना परकी नाही गं, त्यांच्या आया तशाच बोलतात.

रविवारचा_दादा
मी नऊ वर्षं वर्ग घेतोय, सुरुवात कशी करायची ते सांगतो. पहिल्या रविवारी बायबलातल्या १ शमुवेलचा तिसरा अध्याय घ्या. लहान शमुवेलाला देव हाक मारतो आणि तो तीनदा उठून म्हाताऱ्या याजक एलीकडे धावतो, कारण हाक कुणाची ते त्याला कळतच नाही. मुलांना हे फार आवडतं. आठवडाभर मशीनवर बसल्या बसल्या गोष्ट मोठ्यानं सांगून बघा. गोष्ट दहा मिनिटं, पुढे एक गीत, एक वचन पाठ, आणि लहानांना चित्र. बारा-चौदाच्या पोरांना नुसतं बसवून ठेवू नका. हजेरी, पेट्या-ढोलकी, लहानांना रांगेत आणणं त्यांच्याकडे द्या, नाहीतर तीच दंगा करतात. अवघड नावं वहीत तोडून लिहायची, क्वि-री-नि-य. मी अजूनही लिहितो. एखाद्या मुलानं न येणारं विचारलं तर "मला माहीत नाही, पुढच्या रविवारी सांगते" म्हणा, आणि पुढच्या रविवारी नक्की सांगा. पोरं ते विसरत नाहीत.

नेवाशाची_लेक
सगळ्यांचं वाचलं, काही ठिकाणी रडू आलं. मास्तरकाका, काल त्यातल्या एका बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, आठवडाभर शाळेत पोरंच पोरं, रविवारी पुन्हा उभं राहायचं बळ नाही, पण आठ वर्षांखालची मुलं मी वेगळी घेऊन बसेन, गोष्ट तू सांग. रूथताई, पाळकसाहेबांना नाताळापर्यंत वर्गाचं हो सांगितलं, महिला मंडळाचं नाही. ते लगेच ठीक आहे म्हणाले. मीच उगाच घाबरले होते.

भीती गेलेली नाही. पण मी कोण, मी कोण असं चाललं होतं ते आता "तू बरोबर ये" यावर आलंय. आज ब्लाउजला हुक लावता लावता शमुवेल तीनदा सांगून झाला, धाकटीनं मध्येच विचारलं, "एली आंधळा होता का?" वाचून बघितलं, दृष्टी मंद झाली होती असं आहे. हे वहीत लिहून ठेवलंय. वर्ग रविवारी सकाळी साडेआठला. त्या वेळी माझी आठवण करून प्रार्थना करा.