बालवाडीत चित्रकला: सगळ्यांचा आंबा पिवळाच हवा का?

चिंचोका:
आमच्या बालवाडीत ३ ते ५ वर्षांची २२ मुलं. शुक्रवारी चित्रकला, म्हणजे आंब्याचं छापील चित्र वाटायचं आणि ‘रेघेबाहेर जाऊ नका’ म्हणत फिरायचं. परवा एकाने अख्खा आंबा काळा केला, कागद फाटेस्तोवर. आई म्हणाली, ‘बाई, हे फाइलला कसं लावणार?’ मला खरं तर मुलांना हातानं काही करू द्यायचंय. पण रंग काढले की कपड्यांची तक्रार, आणि महिन्याला ३०० रुपयांच्या वर खर्च जमत नाही. कुणी केलंय का?

जुनी बाई:
३१ वर्षं हेच केलं. काळा आंबा फाइलला लावा, बिनधास्त. या वयात पोर आंबा काढत नसतं, खडू दाबला की काय होतं ते बघत असतं. मनगटात जोर आहे, त्याला शाडू द्या.

शाडू आदल्या रात्री भिजवा, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा. ‘गणपती करा’ म्हणू नका! पहिले दोन आठवडे नुसतं थापणं, वळणं, बोटं खुपसणं. साप सगळेच करतात, मग सापाची चकली होते.

रंगाला गेरू आणि कणकेची पातळ खळ. जून भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचा ठसा उमटतो. कोवळी चेंगरते; जून भाजीवाला फुकट देतो.

आणि हळद. हळदीचं पाणी कागदाला फासून वाळवा, मग बोट कपड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून रेघ ओढायला सांगा. रेघ लाल! वर्ग असा गप्प होतो, जसा एरवी फक्त खाऊच्या वेळी. चुन्यानेही होतं, पण चुना पोरांच्या हाती नको, डोळ्यात गेला तर नसती आफत.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, तिथली साधनंही शंख-शिंपले, पानं, खडे हीच. ३०० रुपये पुष्कळ झाले.

दोन पोरींचा बाबा:
बाबांचा जुना शर्ट उलटा, बटणं पाठीवर. हळदीचा डाग धुऊन उन्हात टाका, उडतो. गेरूचं मात्र विचारू नका, आमच्याकडे एक फ्रॉक अजून साक्षीला आहे.

जुनी बाई:
गेरूच्या दिवशी बनियनवर बसवायचं.

चिंचोका:
आज हळद-साबण केलं. काळ्या आंब्याच्या मालकाने दहा मिनिटं एकच रेघ गिरवली, वाटीतलं पाणी संपवलं, कागद परत फाटला. तसाच फाइलला लावला. आईने विचारलं, ‘हे काय काढलंस?’

‘साबण.’