गोल झाला, पण थांबा

व्हीएआरनं (व्हिडिओ बघून मैदानातल्या पंचाचा निर्णय तपासायची पद्धत) फुटबॉलची मजाच घालवली, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतंय, दादा. २०१० च्या वर्ल्डकपमध्ये जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू गोलरेषेच्या चांगला आत पडला होता. अख्ख्या जगाला दिसलं, पंचाला नाही. तसं परत नको. पण चेंडू रेषेपार गेला का, हे सांगायचं काम गोललाइन तंत्रज्ञान करतंच की, तेही क्षणात.

व्हीएआरचं दुखणं वेगळंय: पडद्यापुढं शेवटी माणूसच. २०२३ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या दियाझचा गोल चक्क बरोबर होता. मैदानात ऑफसाइड (पास सुटताना खेळाडू बचावफळीच्या पुढं) दिलेलं, व्हिडिओवाल्यांना वाटलं गोल दिलाय. त्यांनी ‘चेक कम्प्लीट’ म्हटलं, म्हणजे मैदानातला निर्णय कायम, आणि गोल गेला! कॅमेरा बिचारा काय करणार?

आमच्या परभणीत रात्री पोरं मॅच लावून बसतात. गोल झाला की आधी ओरडायची, आता पंचाच्या कानाकडं बघतात, व्हीएआरचा आवाज तिथंच येतो ना. त्याचा हात कानाला गेला की कुणीतरी चहा टाकायला उठतं. (इथल्या स्पर्धांना लाइनमन मिळायची मारामार, ते सोडा.)

माझं म्हणाल तर ऑफसाइड यंत्रावर सोडा, हँडबॉल, म्हणजे चेंडूला हात लागला का ते, मैदानातल्या पंचावर. आणि रग्बीसारखं पंचांचं आपसातलं बोलणं प्रेक्षकांना थेट ऐकू द्या.