ज्युनियर केजीत नुसता खेळच, मग फी कसली घेता?

मुलुंडची_आई:
परवा पालकसभेत एका बाबांनी हे तोंडावर विचारलं आणि अर्धे पालक माना डोलवत होते. झालंय काय, शाळेने ज्युनियरची लिहायची वही बंद केली, आता मणी ओवणं, माती, पाण्यात काय बुडतं काय तरंगतं, गोष्टीचं नाटक असलं चालतं. मला तर पटलंय बुवा. चार वर्षांच्या पोराच्या बोटांत तेवढी ताकदच नसते, ती कणीक तिंबून, कागद फाडूनच येते, मग पेन्सिल नीट धरतात. २०२० च्या शिक्षण धोरणातही ३ ते ८ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, खेळातून शिकवा म्हणून.

भांडुपकर७:
धोरण दिल्लीत, ॲडमिशन मुंबईत! पहिलीला शाळा बदलली की टीचर फळ्यावरचं भराभर उतरवून घ्यायला लावते, तेव्हा पोरगं रडत घरी येतं. भाच्याचं हेच झालं, शेवटी ट्यूशन लावली. त्याचे पैसे धोरण देणारे का?

बालवाडीताई:
दादा, मी बालवाडीत शिकवते. मुलांना मोकळं सोडलं की झालं असं नसतं हो. दुकान-दुकान घ्या, बाटल्यांची झाकणं म्हणजे पैसे, बटाटा २ झाकणांना, तुझ्याकडे ५ आहेत, दोन बटाटे घेतलेस तर उरलं किती? यात वजाबाकी आली, बोलणं आलं, रांगेत थांबणंही आलं. आणि खरं सांगू, याची तयारी करायला गिरवायला लावण्यापेक्षा जास्त डोकं लागतं. घोडं पेंड खातं ते एवढ्याशा खोलीत चाळीस मुलं कोंबतात तिथे, त्यावर सभेत कोणीच बोलत नाही.

गिरगावचा_बाबू:
आमच्या चाळीत खेळ फुकट होता आणि शाळेत पाटी. आता वन बीएचकेमध्ये पोरं मोबाईल धरून बसतात म्हणून शाळेने खेळ विकायला काढलाय, इम्पोर्टेड लाकडी ठोकळे दाखवून फी डबल. गरिबाने काय करायचं?

मुलुंडची_आई:
बाबूशेठ, ठोकळे कशाला लागतात? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत बालवाडी काढली, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आदिवासी मुलांसाठी. बिया, पानं, शिंपले, आजूबाजूला मिळेल ते साहित्य. डहाणू लोकल पकडून कधी जाऊन या तिकडे. फीचं मात्र तुमचं बरोबर आहे, आमच्याही शाळेने वही काढली पण फी काही कमी केली नाही.

भांडुपकर७:
ताराबाईंबद्दल आदर आहेच ओ, पण त्यांच्या मुलांना मुंबईतल्या पहिलीत सीट नको होती. सिनियरला अक्षरं, लिहिणं सुरू करणार का एवढं सांगा.

बालवाडीताई:
करतातच की. आधी वाळूत बोटाने, मग खडूने जमिनीवर मोठं मोठं, मग वहीत. बहुतेकांना सिनियर संपेपर्यंत स्वतःचं नाव लिहिता येतं.

भांडुपकर७:
मग ज्युनियरपुरतं माझं काही म्हणणं नाही. पण शाळेने हे लेखी द्यावं, नाहीतर पुढच्या सभेत मी त्या बाबांच्या शेजारी बसणार.