साथ आली तेव्हा तुम्ही कुठं होता, आणि तिथं तयारी काय होती? (अनुभव सांगा)

मोरपंखी
काल माळा काढला. दिवाळी तोंडावर आलीय, बायको तीन दिवस मागं लागली होती. जुन्या कुकरच्या खोक्यामागून एक पोतं निघालं. उघडलं तर मास्क. २०२० चे.

आमचे सहा माग आहेत सोलापुरात अक्कलकोट रोडला, जकार्ड (नक्षी विणलेल्या) नॅपकीनचे. लॉकडाऊन लागला तेव्हा ताणा मागावर तसाच, कामगार घरी, आणि बाजारात मास्क मिळेना. बायको आणि वहिनी शिलकी कापड घेऊन मशीनवर बसल्या. डिझाइन मोराचं. जसं कापड आलं तसं कापलं, त्यामुळं कुणाच्या तोंडावर मोराचं डोकं, कुणाच्या तोंडावर नुसते पाय. गल्लीत फुकट वाटले. अंग पुसायचं कापड ते, तोंडाला बांधलं की दहा मिनिटांत जीव कासावीस. लोकांनी उपकार म्हणून घेतले आणि गळ्यात अडकवले.

पुतण्या तेव्हा तैवानला, शिंचूत. व्हिडिओ कॉलवर त्याला मोर दाखवला. आधी पोट धरून हसला, मग म्हणाला, काका, इथं फेब्रुवारीपासून आरोग्य विम्याच्या कार्डावर मेडिकलमध्ये मास्क मिळतात. ओळख क्रमांकाचा शेवटचा आकडा विषम असेल तर सोम-बुध-शुक्र, सम असेल तर मंगळ-गुरु-शनि, रविवारी कुणीही या. आधी आठवड्याला दोन, नंतर तीन. पाच तैवानी डॉलरला एक. म्हटलं, हे रेशनच की. म्हणाला, रेशनच.

३१ डिसेंबर २०१९ पासून तिथले लोक वुहानहून आलेल्या विमानात चढून प्रवासी तपासत होते म्हणे. एवढं आधी सुचलं कसं? तर २००३ च्या सार्सच्या साथीत तैपेईतलं एक आख्खं हॉस्पिटल आतल्या माणसांसकट बंद करायची पाळी आली होती. त्या धसक्यातून पुढच्या वर्षी साथीसाठी वेगळं नियंत्रण केंद्रच उभारलं. आमचा धसका पोत्यात बांधून माळ्यावर.

तुम्ही कुठं होता तेव्हा? लिहा.

शेंगाचटणी
पाय आलेला मास्क माझ्याकडं आहे 😂 अजून फडकं म्हणून वापरते. मोर धुवून धुवून बदक झालाय

सातरस्ता_ते_सुवोन
आम्ही कोरियात होतो, सुवोनला, ह्यांच्या कंपनीमुळं. सरकारी इशारा आला की फोन एकदम किंचाळायचा. रिंगटोन नाही हो, भोंगा. सायलेंटवर ठेवला तरी. पहिल्या वेळी माझ्या हातातून फोडणीची पळी पडली. वाचायला गेले तर सगळं कोरियन. शेजारणीला दाखवलं तर ती म्हणाली तुमच्या भागात एक पेशंट सापडलाय, अमुक दिवशी अमुक दुकानात, मग अमुक जेवणाच्या ठिकाणी, इतके ते इतके वाजेपर्यंत. नाव नसायचं पण वय असायचं आणि बाई की पुरुष. मग बायका बसायच्या जोडत, हा कोण असेल, ऑफिसच्या वेळेत हॉटेलात काय करत होता. फार बोभाटा झाला तेव्हा सरकारनं तपशील कमी केले.

हे सगळं २०१५ च्या मर्सच्या साथीमुळं. एक माणूस आखातातून आला, काही दिवसांनी त्याला ताप आला आणि ह्या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात हिंडला. १८६ जणांना लागण, ३८ गेले. त्यानंतर कायदा बदलला, साथ आली की खाजगी कंपन्यांच्या टेस्टला तातडीनं मंजुरी. म्हणून २०२० ला गाडीत बसल्या बसल्या नाकात काडी घालून घ्यायचे.

बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

कडक_भाकरी
@सातरस्ता ऑफिसच्या वेळेत हॉटेलात काय करत होता ते सांगूनच कुकर बंद करा

हॅमस्टर
जर्मनी, श्टुटगार्ट. नावाचा खुलासा आधी करतो. घाबरून साठेबाजी करायला जर्मनमध्ये हॅमस्टरची खरेदी म्हणतात, तो प्राणी गालात दाणे भरतो ना, तसं. मार्चमध्ये दुकानात गेलो तर टॉयलेट पेपरचं आख्खं कपाट रिकामं. एक आजीबाई रिकाम्या कपाटाकडं बघत उभ्या. मी मनात म्हटलं, आजी, तांब्या देऊ का.

तिथलं सरकार एरवीही सांगतं, घरात दहा दिवसांचं खाणं ठेवा, माणशी रोज दोन लिटर पाणी धरून ठेवा. ऑफिसात एकानं मला ते पत्रक समजावून सांगितलं, पाणी कसं साठवायचं वगैरे. सोलापूरच्या माणसाला! आमच्याकडं गच्चीवर टाकी, मोरीत बॅरल, स्वयंपाकघरात पिंप, वर कळशा. पाणी चार दिवसाआड, कधी पाच. मी त्याला म्हटलं, माझ्या आईला तुमच्या मंत्रालयात सल्लागार घ्या.

कडक_भाकरी
सिंगापूरलाही तेच झालतं. ७ फेब्रुवारीला इशारा केशरी केला आणि संध्याकाळपर्यंत तांदूळ, नूडल्स साफ. सार्स बघितलेली माणसं, २०१९ ला ३३० खाटांचं साथरोगाचं नवं केंद्र बांधून तयार, तरी नूडल्ससाठी मारामारी. माणूस सगळीकडं सारखाच बे.

आशाताई_पूर्वभाग
बॅरलवर लई हसायलाव तुम्ही. झाकण लावता का? डास त्यातच होतात. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत फिरते तर पुरुष मंडळी दारूचा ड्राय डे समजून हसतात. डेंगीच्या दिवसांत तुमच्याच पिंपात टॉर्च मारून अळ्या दाखवायला लागतात मला.

बरं मूळ विषय. मी परदेशात नव्हते, मी गल्लीत होते. आमच्याकडं तयारी म्हणजे पोलिओ. खरंच सांगते. खडू, वही, बर्फाच्या पट्ट्या घालायचा डबा. डोस झाला की पोराच्या करंगळीला शाई आणि दारावर खडूनं खूण. सगळ्या पोरांना डोस झालेलं घर एका खुणेचं, राहिलेलं घर दुसऱ्या खुणेचं, राहिलेल्यात परत जायचं. इतकी वर्षं करून कुठल्या घरात किती माणसं, कोण बाळंतपणाला आलंय, कोण मुंबईला गेलंय सगळं पाठ.

२०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ आलं तेव्हा तीच वही काढली. एका हातात तापाची बंदूक, एका हातात ऑक्सिमीटर. आमच्याकडं निम्मी घरं तेलुगू बोलणारी, दारातूनच विचारायचं, ज्वरम उंदा? नाही म्हणायचे सगळे. बंदूक लावली की १००. एक विडीवाली मावशी, सूप मांडीवर, पानं कापत बसलेली, हात थांबवेना. म्हटलं बोट दे. म्हणाली हजार विड्या झाल्याशिवाय देत नाही, हिशेब कोण भरणार. बोटाला मेंदी होती, यंत्र आकडाच दाखवेना, दुसरं बोट, तिसरं बोट. शेवटी अंगठ्यावर ८८ आले. मावशी मस्त बोलायली होती माझ्याशी! दम नाही, काही नाही. मी गार पडले. पोराला हाक मारून तसंच रिक्षात घालून पाठवलं. एका खाजगीत खाट नाही म्हणाले, दुसऱ्यात आधी डिपॉझिट. तिसऱ्या ठिकाणी मिळाली. अकरा दिवसांनी आली घरी. अजून भेटली की बोट पुढं करते चेष्टेनं.

चूक असेल तर माफ करा, फोनवर लिहायलेय

लागोस_रिटर्न
ताई, तुमचं वाचून लिहितोय, नाहीतर लिहिणार नव्हतो. २०१४ ला मी नायजेरियात, लागोसला, एका कंपनीच्या हिशेब खात्यात होतो. जुलैत लायबेरियाहून एक माणूस विमानानं आला आणि इबोलानं गेला. लागोस म्हणजे दोन कोटींच्या घरातलं शहर, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी तिकिटं बघायला सुरुवात केली. घरच्यांचे फोन, ये परत, ये परत.

त्यांच्याकडं इबोलाची अशी तयारी नव्हती. पण पोलिओची होती. पोलिओसाठी जे तातडीचं केंद्र होतं, तिथलीच माणसं उचलून इबोलावर लावली. त्या माणसाच्या आणि त्याच्याकडून लागण झालेल्यांच्या संपर्कात आलेले जवळपास ९०० लोक शोधले आणि त्यांच्या घरी रोज ताप बघायला जायचे. सगळ्या मिळून १८,५०० भेटी. २० जणांना झाला, ८ गेले, आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर. आमचा ड्रायव्हर ज्या वस्तीत राहायचा तिथं ती माणसं यायची. त्याला विचारलं, कशी असतात रे? म्हणाला, बायका असतात, वही असते.

आशाताई_पूर्वभाग
डोळ्यात पाणी आलं दादा. मानधन त्यांनाही उशिरा मिळायचं का विचारून बघा

लागोस_रिटर्न
ते विचारायचं राहिलं 🙏

विलायती_सून
इंग्लंडमध्ये वॉर्डवर होते (नर्स). आमच्याकडं तयारी कागदावर पहिल्या बाकावरची. ऑक्टोबर २०१९ ला जगातल्या देशांची साथीच्या तयारीची यादी निघाली होती, अमेरिका पहिली, ब्रिटन दुसरं. भारत ५७ वा. सहा महिन्यांनी मी कचऱ्याची काळी पिशवी कापून ॲप्रन म्हणून घातला होता. कात्रीनं मान काढायची, हात काढायचे. २०१६ ला मोठा सरावसुद्धा झाला होता, सिग्नस नावाचा, पण फ्लूचा. त्यातच दिसलं होतं की यंत्रणेला पेलणार नाही. तो अहवाल सरकारनं अधिकृतपणे जाहीर करायला २०२० चा ऑक्टोबर उजाडला. रागानं लिहीत नाहीये, ड्युटी आहे म्हणून घाईत.

हॅमस्टर
म्हणजे पेपर फुटला होता तरी नापास.

जुनी_मिल
माझं वय ७८, टायपिंग नातू करतोय. आजी प्लेगाचं सांगायची. घरात उंदीर पडला, म्हणजे मेलेला सापडला, की कुणाला विचारायचं नाही, डॉक्टरची वाट बघायची नाही. भांडी, पीठ, पोरं घेऊन गावाबाहेर शेतात झोपडी. घराला कुलूप. पाच-सहा महिनेसुद्धा राहायचे, पिकं निघेपर्यंत. आजीचा एक भाऊ झोपडीतच जन्मला म्हणून त्याला सगळे झोपड्याच म्हणत, म्हातारा होईपर्यंत. २०२० ला जो साथीचा कायदा लावला तो त्याच प्लेगाच्या वेळचा, १८९७ चा. मी टीव्हीवर ऐकून म्हटलं, अरे हा अजून जिवंत आहे का, माझ्यापेक्षा थोरला.

आणि त्या आषाढीला पादुका एसटीनं पंढरपूरला आल्या. माझी त्रेचाळीस वर्षांची वारी चुकली. त्याचं काय लिहायचं.

शेंगाचटणी
आजोबा 🙏 झोपड्या मामांचा किस्सा अजून सांगा ना

भैय्याचौक
सगळे बाहेरचे देश झाले. डॉ. कोटणीस आपल्याच गावचे, १९३८ ला चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत ३२ व्या वर्षी तिथंच गेले. ते काय तयारी करून गेले होते?

कडक_भाकरी
ते साथीत नाही ना बसत पण

भैय्याचौक
नाही बसत. पण सोलापूरचा विषय आहे तर नाव यायला पाहिजे होतं. आलं.

सातरस्ता_ते_सुवोन
कुकर झाला, भाजी झाली, आले. मोरपंखीदादा, ते पोतं टाकू नका. पुढच्या वेळेला कापड पातळ घ्या फक्त, आणि तीन पदर.

मोरपंखी
वहिनी, आता काय सांगू. सकाळी तुम्हा सगळ्यांचं वाचून मी पोतं परत माळ्यावर ठेवायला गेलो तर निम्मंच भरलं. बायकोनं वीस-पंचवीस उसवून गरम भांडी उतरवायला चिमट्यासारखे शिवलेत, आणि बाकीचे शेजारी वाटले. त्या सुवोनच्या भोंग्यासारखी ओरडली वर, कशाला जपायचं ते.

सहा ठेवलेत मी लपवून. डोकी आलेले.

शेंगाचटणी
एक मला द्या, माझ्याकडं पायच आहेत. अर्धा किलो चटणीच्या बदल्यात

मोरपंखी
दिला. जाडसर कुटलेली पाहिजे.

आशाताई_पूर्वभाग
तुमच्याकडं पाणी आलं का? आमच्याकडं आता सोडलंय, मोटर लावून येते. आणि हॅमस्टरदादा, आईला फोन करून झाकणाचं विचारा.