मदत हवी आहे: स्थिर प्रवाहाच्या सर्किटमधला प्रवाह दहा मिनिटांत घसरतो

सोल्डरधूर: एलईडीसाठी दोन ट्रान्झिस्टरांचे स्थिर प्रवाहाचे सर्किट जोडले आहे. मुख्य ट्रान्झिस्टर बीडी१३९, त्याच्या एमिटरखाली २.२ ओहमचा रेझिस्टर आणि त्या रेझिस्टरवरील व्होल्टेज वाढताच बीडी१३९चा बेस खाली ओढणारा बीसी५४७, अशी नेहमीचीच रचना आहे. ०.६५ भागिले २.२ या हिशेबाने २९५ मिलिअँपिअर यायला हवेत आणि सुरुवातीला तेवढे येतातही. परंतु दहा मिनिटांत आकडा २५५वर उतरतो. जोडणी तीनदा तपासली आहे, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

ओहमकार: सप्लाय किती व्होल्टचा आहे, एलईडी किती आहेत, बेसला कोणता रेझिस्टर आहे आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लावला आहे का, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

जुना_हात: ट्रान्झिस्टरांचा हा खटाटोप सोडा. एलएम३१७ ही रेग्युलेटर आयसी घ्या, ती आपल्या रेझिस्टरवर १.२५ व्होल्ट कायम राखते; ४.३ ओहमचा एक रेझिस्टर लावा, १.२५ भागिले ४.३ म्हणजे २९० मिलिअँपिअर मिळतील. मी वर्षानुवर्षे हेच करतो.

सोल्डरधूर: सप्लाय १२ व्होल्ट, पांढरा एलईडी एकच, बेसला १ किलोओहम. हीटसिंक नाही, एवढ्याशा प्रवाहाला तो कशाला? बीडी१३९वर बोट मात्र क्षणभरही ठेववत नाही.

ओहमकार: मग बारातून एलईडीचे ३.२ आणि एमिटर रेझिस्टरचे ०.६५ वजा केले, तर ८.१५ व्होल्ट एकट्या बीडी१३९वर पडतात आणि तो जवळपास २.४ वॅट जाळतो. हीटसिंकशिवाय त्याची मर्यादा २५ अंशांना १.२५ वॅट आहे. बीसी५४७ कुठे बसवला आहे?

सोल्डरधूर: जागा वाचावी म्हणून बीडी१३९च्या पाठीला टेकवून.

ओहमकार: तिथेच पाणी मुरते आहे. बीसी५४७चा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो आणि आपला प्रवाह त्याच व्होल्टेजवर ठरतो. ४० मिलिअँपिअर गुणिले २.२ म्हणजे ८८ मिलिव्होल्ट, अर्थात तो ट्रान्झिस्टर सुमारे ४४ अंशांनी तापला आहे. त्याला दूर हलवा आणि कलेक्टरच्या वाटेत २० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर टाका, ५.९ व्होल्ट तो घेईल आणि ट्रान्झिस्टरवर जेमतेम ०.६६ वॅट उरतील.

जुना_हात: एलएम३१७मध्ये तापमानाची ही भानगड नाही, एवढेच माझे म्हणणे होते.

ओहमकार: प्रवाह अधिक स्थिर राहील हे मान्य, पण जादाचे व्होल्ट तिथेही उष्णताच होणार, त्यामुळे हीटसिंक चुकत नाही.

लुकलुक: याच सर्किटमध्ये एलईडीचा उजेड कमीजास्त करायचा असेल, तर मायक्रोकंट्रोलरने बीडी१३९चा बेस पल्स देऊन चालू-बंद करता येतो. कोड हवा असल्यास सांगा.

सोल्डरधूर: उजेड कमी करायचा नाही, धन्यवाद. बीसी५४७ दोन इंच लांब नेला आणि २० ओहमही टाकला; अर्ध्या तासानंतर २८८ आहे. आता हे कायमचे बॅटरीवर जोडतो.

ओहमकार: बॅटरीवर? लेड-ॲसिड असेल, तर चार्जिंगच्या वेळी ती १४.४ व्होल्टपर्यंत चढते आणि ट्रान्झिस्टरवर पुन्हा १.३ वॅटच्या वर जातात. हे आधी सांगायला हवे होते.

सोल्डरधूर: लेड-ॲसिडच आहे, आणि चार्जर कायम लागलेला असतो. हीटसिंक लावतो.