मदत हवी आहे : जुनं ओकचं ब्रुटॅलिस्ट कॉफी टेबल

मंडळी, आम्ही आइंडहोवनला राहतो. हॉलसाठी १९७० च्या दशकातलं, इकडे नेदरलँड्स-बेल्जियममध्ये बनायचं तसं ओकचं कॉफी टेबल शोधतोय. ब्रुटॅलिस्ट म्हणजे जाड ठोकळ्यांचे पाय, पाट्यासारखं दणकट. (सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा सागवानी चौरंग आणा!)

मार्क्टप्लाट्सवर (जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीची इथली साइट) एक आवडलंय. विक्रेता म्हणतो, सगळं भरीव ओक. फळीच्या टोकाला वरच्या रेषा पुढे चालू दिसल्या तर भरीव, नाहीतर व्हिनियर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, एवढं मला कळतं. अडलंय ते किडीपाशी. पायांना बारीक भोकं आहेत. कीड जुनी, मेलेली की अजून चालू, हे कसं ओळखायचं? खाली काळा कागद ठेवून ताजा भुसा पडतो का बघणं पुरेसं आहे का?

शिवाय वर एक काळा डाग आहे. ओकमधल्या टॅनिनला (लाकडातल्या तुरट द्रव्याला) ओलं लोखंड लागलं की असा पडतो. ऑक्झॅलिक ॲसिडने कुणी काढलाय का? पॉलिश तेवढ्यापुरतं उतरवून चालतं, की सगळंच?

आणि हो, जिना अगदी अरुंद आहे. इतकं जड टेबल खिडकीतून चढवायला भाड्याची लिफ्ट कुणी घेतली असेल तर साधारण खर्चही सांगा.