बी विंगमागचं लॉन: तयार गालिचा की बी?

सेक्रेटरी: मंडळी, बी विंगमागच्या ६० बाय ३० फूट जागेत लॉन करायचं मीटिंगमध्ये ठरलंय. दोन कोटेशन आलीत. दोन्ही तयार गालिच्याची, म्हणजे वाढलेलं गवत मातीसकट आणून अंथरायचं, आणि आकडे बघून डोळे पांढरे झाले. बी टाकून जमेल का?

ए-३०२: जमेल की! ऑनलाइन पाकीट बघितलंय, ७ दिवसांत उगवतं. फोटो टाकलाय बघा.

सी-१०१ काका: जरा थांबा. फोटो मोठा करून बघा, खाली बारीक अक्षरात रायग्रास लिहिलंय. लवकर उगवतं हे खरं, पण ते थंड हवेचं गवत. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की करपलंच समजा. आपल्याला हरळी हवी. दुकानात बर्म्युडा म्हणून मिळते. सोललेलं बी मागा, साधारण १० ते १४ दिवसांत उगवतं. टरफलासकट असेल तर जास्त वाट बघावी लागते. आपल्या जागेला १ किलो पुरे.

बी-२०४: काका, हरळी म्हणजे दूर्वाच ना? माझ्या माहेरी पिंपळगावला शेतात हरळी दिसली की बाबांचं डोकं फिरतं. ती आपण किलोने विकत आणायची?

सी-१०१ काका: तीच हो वहिनी. शेतात जो त्रास, तोच इथे उपयोग. वरूनही पसरते, जमिनीखालूनही. पोरांनी तुडवली तरी पुन्हा भरून येते. फुलांच्या वाफ्यांना मात्र कडेने विटा गाडून घ्या, नाहीतर शेवंतीत घुसेल. आणि तिला ऊन लागतं. आंब्याखाली ती धरणार नाही, तिथे सरळ बाक टाका.

सेक्रेटरी: मग मृगाचा पाऊस पडला की टाकूया?

सी-१०१ काका: अजिबात नको. हे बी रव्यासारखं बारीक असतं. जुलै-ऑगस्टात गोदेला पूर येऊन नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात उभा असतो, तशा पावसात आपलं बी वाहून गटाराच्या जाळीपाशी जमा होणार. बी गणपतीनंतर, सप्टेंबरात. पाऊस ओसरलेला असतो, जमीन अजून उबदार असते.

ए-३०२: म्हणजे तीन महिने नुसतं बघत बसायचं?

सी-१०१ काका: बसायचं कशाला? खरं काम तेच आहे. आता वीतभर खोल खणून घ्या. बिल्डरने पुरलेलं डबर निघेल, ते बाहेर काढा. आपली काळी माती ओली झाली की चिकट, वाळली की भेगा. म्हणून शेणखत, कंपोस्ट भरपूर मिसळा. उतार इमारतीपासून बाहेरच्या बाजूला ठेवा. मग पावसात जे तण उगवेल ते उगवू द्या आणि बी धरायच्या आत उपटा. गाजरगवत सहज निघतं. लव्हाळा मात्र वरून ओढला की खालची गाठ तशीच राहते, गाठीसकट खणावा लागतो. तयार गालिच्याच्या मातीतूनही लव्हाळा येतो बरं का, पैसे मोजून.

डी-४०४: आणि कबुतरं? आमच्या बाल्कनीत तर संमेलन असतं.

सी-१०१ काका: थोडं खाणारच. मुंग्याही नेतात. बी कोरड्या वाळूत मिसळून अर्धं उभ्या दिशेने, अर्धं आडव्या दिशेने फेकायचं, हलका दाताळा फिरवायचा आणि वर चाळलेल्या कंपोस्टचा पातळ थर. खोल पुरलं तर उगवत नाही.

डी-४०४: पाणी? उन्हाळ्यात टँकरवरून झालेलं भांडण अजून ताजं आहे.

सी-१०१ काका: उगवेपर्यंत दिवसातून दोन-तीनदा, पण नुसता शिडकावा. पाईपची धार मारली की बी एका जागी गोळा होतं. उगवल्यावर दिवसाआड, मग आणखी अंतराने, पण खोलवर मुरेल असं. बोअरचं पाणी चालेल. दोन-अडीच इंच वाढलं की पहिली कापणी, तीसुद्धा वरचा तिसरा हिस्सा फक्त.

बी-२०४: तोवर क्रिकेट बंद. दोरी मी बांधते, पोरांची समजूत ज्याने त्याने आपापल्या घरी काढा.

सी-१०१ काका: आणखी एक, आत्ताच लिहून ठेवतो. डिसेंबर-जानेवारीत थंडीने हरळी पिवळट पडेल, वाढ थांबेल. तेव्हा ग्रुपवर 'लॉन मेलं, पैसे बुडाले' सुरू करू नका. थंडी सरली की फुटते.

सेक्रेटरी: ठीक. खणायला ट्रॅक्टर सांगू का? मागचं गेट जेमतेम ५ फूट आहे.

सी-१०१ काका: ट्रॅक्टर अडकेल. पॉवर टिलर सांगा, आणि तो यायच्या आधी ड्रेनेजची लाईन कुठून गेली आहे तिथे चुन्याची रेघ मारून ठेवा.